सहा रविवार, बेचाळीसशे रुपये आणि एक 'च'

लग्नपत्रिकेत वार चुकला होता. तारीख बरोबर, मुहूर्त बरोबर, कार्यालयाचा पत्ता बरोबर, फक्त 'गुरुवार'च्या जागी 'शुक्रवार'. सहाशे पत्रिका होत्या. त्यातल्या दीडशे वाटून झाल्यावर मुलीच्या आईचा फोन आला. बाईंनी आवाज चढवला नाही. "अहो, लोक विचारतायत, नक्की कधी यायचं?" एवढंच म्हणाल्या. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

साताऱ्यात माझा छापखाना आहे. वडिलांनी ट्रेडलवर सुरू केला, मी ऑफसेटवर आणला. बिलबुकं, लेटरहेड, लग्नपत्रिका, निवडणुका आल्या की पत्रकं. त्या पत्रिका मी स्वतःच्या खर्चाने पुन्हा छापून दिल्या. अकरा हजारांच्या आसपास गेले आणि तिसऱ्या दिवशी विषय संपला. लग्न झालं, मी जेवूनही आलो. माझ्या डोक्यातून मात्र तो शुक्रवार जाईना. प्रत्येक प्रूफ सहा-सहा, सात-सात वेळा वाचायला लागलो. रात्री अकराला स्कूटर काढून प्रेसवर जायचं, प्लेटवर टॉर्च मारून परत एकदा बघायचं. मशीनवरच्या पोराला 'मूर्ख' म्हणालो, जो माझ्याकडे नऊ वर्षं आहे आणि ज्याचा त्या चुकीशी काही संबंध नव्हता. कामं लांबायला लागली. दोन जुनी गिऱ्हाइकं शेजारच्या प्रेसकडे गेली, तीही चुकीमुळे नव्हे, उशीर होतो म्हणून.

माझी मेहुणी पुण्याला असते. तिने परस्पर मनाचा त्रास कमी करायच्या एका कार्यशाळेचे पैसे भरले आणि बायकोने मला पावती दाखवली. "अहो, पैसे परत मिळत नाहीत," हे तिचं एकमेव समर्थन. सातारकराला तेवढं पुरतं.

तर हा त्या कार्यशाळेचा रिव्ह्यू. जुलै २०२३ ते ऑगस्टचा पहिला आठवडा, सहा रविवार, सकाळी दहा ते दीड, फी ४,२०० रुपये, चहा-बिस्किटं धरून, जेवण नाही. पुण्यात पेठेतल्या एका शाळेचा वरच्या मजल्यावरचा हॉल. आम्ही बावीस जण होतो. घेणाऱ्या बाई साठीच्या, आधी कॉलेजात शिकवायच्या, आता समुपदेशन करतात. नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे काही तक्रारीही लिहिणार आहे. लगेच लिहिणार होतो, पण असल्या ठिकाणाहून परत आलं की आठ दिवस सगळ्यांनाच आपण बदललो असं वाटतं. म्हणून दोन वर्षं जाऊ दिली.

जाहिरात वाचून मी जाणारच नव्हतो. 'आतून बदला, आयुष्य बदला', खाली उगवता सूर्य आणि हात पसरून उभा असलेला माणूस. असली पत्रकं मी स्वतः शेकड्याने छापलीत, तो सूर्य माझ्याकडे फाइलमध्ये आहे. मला वाटलं, टाळ्या वाजवायला लावतील, 'मी करू शकतो' म्हणून ओरडायला लावतील. तसं काही झालं नाही. बाईंनी पहिल्या दहा मिनिटांत सांगितलं की सकारात्मक विचार वगैरे शिकायचं असेल तर चहाच्या सुट्टीत पैसे परत घेऊन जा. (पैसे परत मिळत होते तर! बायकोला हे मी अजून सांगितलेलं नाही.)

त्या शिकवतात ती विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती, इंग्रजी आद्याक्षरांत आरईबीटी. अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने ती १९५५ च्या सुमारास मांडली. आधी तो फ्रॉइडच्या वळणाचं मनोविश्लेषण करायचा, पेशंटला वर्षानुवर्षं कोचावर झोपवून बालपण उकरत बसायचा, मग त्याला त्याचाच कंटाळा आला. आपल्याकडे ही पद्धत रुजवण्यात आणि मराठीत आणण्यात कि. मो. फडके यांचा वाटा मोठा. एलिसशी त्यांचा अनेक वर्षं पत्रव्यवहार होता. हे सगळं बाईंनी पाच मिनिटांत उरकलं आणि फळ्यावर तीन शब्द लिहिले: घटना, समज, परिणाम.

म्हणणं असं की घटनेतून थेट त्रास होत नाही. मध्ये आपली एक समजूत बसलेली असते, त्रास ती करते. मी हात वर केला. "पत्रिकेत वार चुकला, अकरा हजार गेले, त्याचा त्रास नाही होणार?" बाई म्हणाल्या, "वाईट वाटणारच. पण हीच चूक तुमच्या शेजारच्या प्रेसमध्ये झाली असती, तर ते मालक किती रात्री जागले असते?"

मला हसू आलं. शेजारच्याला मी ओळखतो. तो कपाळावर हात मारून हसला असता, "वहिनी, एक दिवस उशिरा येतील पाव्हणे, काय बिघडलं?" म्हणाला असता, पत्रिका छापून दिल्या असत्या आणि रात्री मटण खाऊन झोपला असता. चूक तीच, खर्चही तोच. मग माझे चार महिने कुठल्या खात्यात मांडायचे? माझी पैसेवसुली तिथेच, पहिल्या रविवारी साडेअकराला झाली. पुढचे पाच रविवार ती समजूत सापडायला आणि सुटायला लागले.

दुसरा रविवार सगळ्यात चांगला. गृहपाठ होता की आठवड्यातला एक त्रासाचा प्रसंग पानभर लिहून आणा, मनात जसं आलं तसं, शुद्धलेखन न बघता. (माझ्या धंद्यातल्या माणसाला हेच अवघड.) बाई म्हणाल्या, आता लाल पेनाने त्यातला प्रत्येक 'च' गोल करा. एलिसचा सगळा भर होता तो माणसाच्या हट्टावर: असं झालंच पाहिजे, लोकांनी माझ्याशी नीटच वागलं पाहिजे, मला हे जमलंच पाहिजे. इंग्रजीत त्याला 'मस्ट' हा अख्खा शब्द लागतो. आपल्याकडे एका अक्षरात काम होतं, शेपटीला चिकटवलं की झालं.

लाल पेन आणि प्रूफ म्हटल्यावर माझे हात शिवशिवले. माझ्या पानावर एकोणीस 'च' निघाले. 'चूक होताच कामा नये.' 'मलाच दिसायला हवं होतं.' 'वडिलांच्या काळात असं कधीच झालं नाही.' 'लोक म्हणणारच.' माझ्या बाजूला एका पतसंस्थेतले गृहस्थ बसले होते, त्यांनी 'चहा' आणि 'चप्पल'मधले 'च'सुद्धा गोल केले आणि आपलेच जास्त म्हणून अभिमानाने दाखवले. मी त्यांना हलक्या आवाजात समजावलं. मग मीच बाईंना विचारलं की 'मी तेव्हा घरीच होतो' यातला 'च' काय गुन्हेगार आहे? त्या म्हणाल्या नाही, तो माहिती देतो. मागणी करणारा 'च' धरायचा. वाक्यातून तो काढून बघायचा. 'चूक होऊ नये' असं वाचा, बोचतं का बघा. बोचत नव्हतं. इच्छा तीच राहिली, नरडं मात्र सुटलं. प्रूफ तपासताना एक काना काढला की अर्थ फिरतो हे मी रोज बघतो, पण स्वतःच्या डोक्यातला मजकूर कोणी असा समोर ठेवला नव्हता.

तिसऱ्या रविवारी थोडी वादावादी झाली. विषय होता स्वतःला बिनशर्त स्वीकारण्याचा. काम चुकलं असं म्हणा, मी वाया गेलेला माणूस असं म्हणू नका. एक निवृत्त मुख्याध्यापक उठले. "सगळ्यांनी स्वतःला असं माफ करत सुटायचं म्हटलं तर सुधारणार कोण?" प्रश्न चोख होता. बाईंचं उत्तर असं की माणसाला नापास करू नका, पेपर मात्र कडक तपासा. सरांचं समाधान झालं नाही, माझंही तेव्हा अर्धंच झालं. उरलेलं अर्धं पुढे प्रेसमध्ये झालं, ते सांगतो.

इथे एक गोष्ट बाईंच्या खात्यावर जमा करायला हवी. शब्दांच्या जोड्या त्या फार नेमक्या लावतात. काळजी वेगळी, चिंता वेगळी. खंत वेगळी, अपराधगंड वेगळा. वाईट वाटणं वेगळं, खचणं वेगळं. पहिल्याला हात लावायचा नाही, ते कामाचं असतं. माझं आठ महिन्यांचं बिल थकवलेल्या एका गिऱ्हाइकाचा विषय मी काढला, म्हटलं, मनावर काम करून ते पैसे येणार आहेत का? त्या म्हणाल्या, नाही. चिडा. पण आतून धुमसत न बसता चिडलात तर फोन नीट कराल. फोन केला. अर्धे पैसे आले. अर्धे अजून यायचे आहेत, आणि ते कुठल्याही पद्धतीने येतील असं मला वाटत नाही.

आता चौथा रविवार, आणि एसटीचा किस्सा.

हा एलिस म्हणे तरुणपणी बायकांशी बोलायला भयंकर लाजायचा. एकोणीस वर्षांचा असताना त्याने ठरवलं आणि महिनाभर न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स वनस्पती उद्यानात बाकावर बसलेल्या शंभरेक बायकांशी जाऊन बोलला. त्यातून भेट ठरली फक्त एक, आणि तीही बाई आली नाही. पण नकाराने माणूस मरत नाही हे त्याला कळलं. पुढे तो पेशंटना लाज घालवायचे व्यायाम द्यायचा. त्यातला एक म्हणजे भुयारी रेल्वेत उभं राहून पुढच्या स्टेशनचं नाव मोठ्याने ओरडायचं. बाई म्हणाल्या, तुम्ही कुठून येता? मी म्हटलं, साताऱ्याहून एसटीने. त्या नुसत्या हसल्या.

स्वारगेटवरून अडीचची साधी गाडी होती. कात्रजला घसा कोरडा पडला, बोललो नाही. खेड शिवापूर गेलं, बोललो नाही. कपूरहोळला पुटपुटलो, शेजारचा म्हणाला, "काय?" मी म्हटलं, काही नाही. वय पन्नास, गावात चार लोक नमस्कार करतात, आणि इथे पोटात गोळा. मनात काय चाललंय ते मी शिकल्याप्रमाणे पकडलं. 'लोकांनी मला येडा समजता कामाच नये.' सापडला 'च'. शिरवळ जवळ आलं तसा उठून उभा राहिलो आणि ओरडलो, "शिरवळ! शिरवळ!"

दोन सीट पुढे एक आजी कणसांची पिशवी मांडीवर घेऊन पेंगत होत्या. दचकून उठल्या, "आलं व्हय रं बाबा? बरं झालं सांगितलंस," म्हणत दाराकडे निघाल्या. कंडक्टरने तिकिटांच्या मशीनवरून मान वर केली, मला आपादमस्तक बघितलं आणि म्हणाला, "पाहुणं, मी हाय की अजून जित्ता." गाडीत हशा पिकला. माझे कान तापले. आणि मग, एवढंच. गाडी निघाली. कोणी माझ्याकडे बघत नव्हतं. खंडाळ्याला परत ओरडलो, तर कोणी मानही वळवली नाही. खंबाटकी उतरून सुरूर फाट्याला एका माणसाने मला विचारलं, वाईला इथेच उतरायचं का? मी हो म्हणालो, तो उतरला. पाचवडपर्यंत मी गाडीचा अर्धा कंडक्टर झालो होतो आणि आनेवाडीच्या टोलनाक्याला खऱ्या कंडक्टरने मला तंबाखू विचारली.

पुस्तकातलं मला इतकं पटकन कधी कळलेलं नाही.

पाचव्या रविवारबद्दल फार लिहीत नाही. डोळे मिटून तो वाईट प्रसंग डोळ्यांसमोर आणायचा आणि भावना हळूहळू बदलायची. बाकीच्यांना जमलं असं ते म्हणाले. हॉलमधला पंखा कटकट करत होता, पहाटे पाचला उठलेलो, मला झोप लागली.

सहावा रविवार सगळ्यात फिका, आणि तक्रारी इथे. शेवटचा पाऊण तास 'स्तर दोन'चं मार्केटिंग झालं. अकरा हजार रुपये, निवासी. नेमका आकडा ऐकून मला पत्रिका आठवल्या. ज्या बाईंनी पाच आठवडे 'हट्ट सोडा' शिकवलं, त्यांच्या संयोजकांनी 'आज नाव द्यायलाच हवं, उद्या फी वाढेल' म्हणावं हे मला खटकलं, मी वहीत 'च' गोल करून पतसंस्थेवाल्यांना दाखवला. छापील टिपणांत शुद्धलेखनाच्या चुका मोजल्या: चोवीस पानांत एकतीस. 'विवेकनिष्ठ' हाच शब्द दोन ठिकाणी चुकलाय. (तेवढ्याने मला झोप आली नाही असं झालं नाही, याचीही नोंद घ्यावी.) आणि नंतरचा व्हॉट्सअॅप ग्रुप. तिथे मार्गदर्शन मिळेल असं सांगितलं होतं, मिळतात सकाळची फुलं. मी दुसऱ्या आठवड्यात बाहेर पडलो.

एक मात्र त्यांनी फार जबाबदारीने केलं. आमच्यात एक ताई होत्या, महिनोनमहिने झोप नाही, सकाळी उठलं की रडू. पहिल्या रविवारनंतर बाईंनी त्यांना बाजूला घेतलं, हे काम कार्यशाळेचं नाही, मानसोपचारतज्ज्ञाकडे जा असं सांगितलं, चिठ्ठी दिली आणि पैसे परत केले. वाचणाऱ्यांत कोणी तशा अवस्थेत असेल तर माझ्या रिव्ह्यूच्या नादी लागू नका, डॉक्टर गाठा. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं.

आता दोन वर्षांनी काय उरलं ते. डोळे मिटण्याचा व्यायाम नाही उरला. बिनशर्त स्वीकार वगैरे मी रोज म्हणत नाही. लाल पेन उरलं. डोकं तापलं की पाठकोऱ्या कागदावर लिहितो आणि गोल करतो. आठवड्यातून एकदा तरी लागतं, जीएसटीच्या महिनाअखेरीला जास्त.

आणि ते मुख्याध्यापकांच्या प्रश्नाचं उरलेलं अर्धं. कार्यशाळेनंतर पंधरा दिवसांनी मी एक गोष्ट केली, जी मी फेब्रुवारीतच करायला हवी होती: ती पत्रिकेची फाइल उघडून बसलो. चार महिने रात्री टॉर्च मारत फिरलो, पण वार चुकला कसा हे मी एकदाही शोधलं नव्हतं. स्वतःला शिव्या देण्यातच इतका गुंतलो होतो. पाच मिनिटांत सापडलं. आमच्याकडे नवी पत्रिका म्हणजे जुन्या पत्रिकेची फाइल कॉपी करायची आणि वरून नावं, तारीख बदलायची. आधीच्या लग्नाचा शुक्रवार तसाच राहून गेला होता. सात वेळा वाचून तो दिसला नसता, कारण 'शुक्रवार' शुद्धलेखनात बरोबर आहे.

आता आमच्याकडे कोरी फाइल आहे, वाराच्या जागी चार लाल फुल्या. त्या भरल्याशिवाय प्लेट निघत नाही. प्रूफ मी दोनदा वाचतो, तिसऱ्यांदा गिऱ्हाईक वाचतं आणि खाली सही करतं. ही सही घ्यायला मी वीस वर्षं कचरत होतो. आपल्याला आपल्या कामाची खात्री नाही असं लोक म्हणतील म्हणून. परवा एका वधूपित्याने सही करायला पेन काढलं आणि त्यांनाच मामांच्या नावातली चूक सापडली. मला म्हणाले, "बरं झालं दाखवलंत."

चुका थांबल्या असं नाही. मागच्या महिन्यात एका दवाखान्याच्या लेटरहेडवर फोन नंबरातला एक आकडा गेला. दोन हजार लेटरहेड रद्दीत. वाईट वाटलं, रात्री भात नीट गेला नाही, अकराला झोपलो. मशीनवरचा पोरगा सकाळी माझ्या तोंडाकडे बघत उभा होता, जुन्या सवयीने. मग म्हणाला, "दादा, पाठकोरे आहेत, तुमच्या त्या 'च'ला वापरता येतील."

त्यालाही पुढच्या बॅचला पाठवावं असं माझ्या मनात आहे. भाडं मी देणार, जायचं की नाही ते त्याने ठरवायचं. पाचपैकी गुण द्यायचे तर शिकवण्याला साडेचार, टिपणांना दोन, संयोजकांना एक. पहिले चार रविवार चुकवू नका, पाचव्याला हवं तर घरी झोपा, सहाव्याला जाताना पाकीट घरी ठेवा. आणि हॉलमधल्या खुर्च्या लोखंडी आहेत, साडेतीन तास बसायचं असतं, तेव्हा उशी न्या.